अमेरिकेतील नागरी हक्कांचा लढा व मुलांची चित्रचरित्रे

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख द्यावा अशी सूचना केली, तेव्हा ज्ञातीच्या पूर्वेतिहासावर चार शब्द लिहावेत असे प्रथम मनात आले. परंतु त्या विषयावर याच पानांतून अधिकारी लेखकांनी पूर्वी पुष्कळ लिहिले आहे. आमचा सारा जन्म प्राथमिक शाळेत खडू-फळ्यापाशी गेला. तेव्हा ज्यात आमचा हात बसला आहे असाच विषय घेतलेला बरा. मुलांना थोर पुरुषांची व थोर स्त्रियांची चरित्रे कशी सांगावीत हा तो विषय होय. त्यासाठी उदाहरण मात्र आम्ही दूरचे घेतले आहे. घरच्या महापुरुषाविषयी लिहू लागले की वाचक आधी लेखकाची जात पाहतो, असा आमचा अनुभव आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या पुढाऱ्यांविषयी आपल्यापैकी कोणाचे मन आधीच बांधलेले नसावे.

आमच्या एक ज्ञातिभगिनी न्यू जर्सी राज्यात प्राथमिक शिक्षिका आहेत. काही वर्षांपूर्वी त्या सुट्टीत मायदेशी आल्या असता त्यांनी सात-आठ चित्रपुस्तके आमच्या हाती ठेविली. मॅट्रिकच्या इंग्रजीवर व शेजारी कोश ठेवून आम्ही ती वाचून काढली, त्यांतील चारांचे मराठीकरण एका दोनशेपानी वहीत उतरविले, आणि निवृत्तीनंतरही ज्या शाळेने आम्हांस वाचनाच्या तासाला बोलाविले तेथे सातवीच्या मुलांना ती दाखविली. पुढील विवेचन बहुतांशी या पुस्तकांच्या इतिहासाचे आहे. वर्गातील अनुभव ओघाने येईल.

कृष्णवर्णीय मुलांनी आपल्या माणसांची चरित्रे वाचावीत ही कल्पना तिकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. विख्यात विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी जेसी फॉसेट व ऑगस्टस डिल यांच्या साहाय्याने जानेवारी १९२० मध्ये 'द ब्राउनीज बुक' नावाचे मुलांचे मासिक सुरू केले. अंकाची किंमत पंधरा सेंट होती. गोष्टी, कविता, छायाचित्रे, मुलांची पत्रे आणि कर्तृत्ववान कृष्णवर्णीयांची छोटी चरित्रे त्यात येत. त्या काळच्या शालेय पुस्तकांत कृष्णवर्णीय मनुष्य आला तर तो नोकर किंवा विदूषक म्हणूनच येई; त्यामुळे आरशात आपले तोंड पाहावे तसे हे मासिक त्या मुलांनी पाहिले असेल. डिसेंबर १९२१ मध्ये चोवीस अंकांनंतर वर्गणीदारांच्या अभावी ते बंद पडले. स्मरणिकेसाठी दारोदार जाहिराती गोळा करणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांस यातील दुःख निराळे सांगावयास नको.

दुसरे नाव कार्टर वुडसन यांचे. आईबाप जन्माने गुलाम, स्वतः तरुणपणी कोळशाच्या खाणीत राबलेला हा मनुष्य १९१२ साली हार्वर्ड विद्यापीठाचा डॉक्टर झाला. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी शाळांतून कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा एक आठवडा पाळण्याची प्रथा घातली. अब्राहम लिंकन व फ्रेडरिक डग्लस या दोघांचे जन्मदिवस ज्यात येतात तो आठवडा त्यांनी निवडला. लोक हे दिवस आधीच साजरे करीत होते, त्या उत्साहाला त्यांनी अभ्यासाची जोड दिली. १९७६ पासून तो आठवड्याचा महिना झाला. आपल्याकडील जयंत्यांशी याचे साम्य सुज्ञ वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. फरक एवढाच, की वुडसन यांनी मिरवणुकीच्या जोडीने शिक्षकांच्या हाती वाचनसाहित्य दिले; १९३७ पासून तर शाळामास्तरांसाठी स्वतंत्र पत्रिका काढली. आपल्या शाळांत जयंतीचे भाषण अजूनही एकाच कागदावरून पिढ्यान्‌पिढ्या पाठ होत आले आहे, हे आम्ही चाळीस वर्षे खुर्चीत बसून ऐकले आहे.

या प्रयत्नांना व्यापारी प्रकाशकांची साथ मात्र फारशी नव्हती. १९६५ साली नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत त्रेसष्ट प्रकाशकांनी काढलेली ५,२०६ बालपुस्तके तपासून पाहिली. त्यांपैकी एकतरी कृष्णवर्णीय व्यक्ती चित्रात वा मजकुरात असलेली पुस्तके निघाली ३४९, म्हणजे शेकडा ६.७. आणि ही वर्षे कोणती? ज्या वर्षांत वॉशिंग्टनला अडीच लाखांचा मेळावा भरला व नागरी हक्कांचा कायदा झाला तीच! रस्त्यावर इतिहास घडत होता आणि मुलांच्या कपाटात त्याचा मागमूस नव्हता. पुढे १९६६ पासून बर्ट्रॅम फिट्झजेराल्ड यांनी 'गोल्डन लेगसी' ही चरित्रात्मक चित्रकथांची माला काढली. हैतीचा मुक्तिदाता तूसाँ लुव्हर्त्यूर याच्यापासून तिचा आरंभ झाला. १९७० साली कोरेटा स्कॉट किंग यांच्या नावाचे बालसाहित्याचे पारितोषिक सुरू झाले आणि पहिला मान लिली पॅटर्सन यांनी लिहिलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बालचरित्रालाच मिळाला.

तथापि या सर्वांच्या आधी निघालेली सोळा पानांची एक चित्रकथा आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. डिसेंबर १९५७ मध्ये 'फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन' या शांततावादी संस्थेने 'मार्टिन ल्यूथर किंग अँड द माँटगोमेरी स्टोरी' ही रंगीत पुस्तिका प्रसिद्ध केली. किंमत दहा सेंट. प्रती अडीच लाख. तो काळ अमेरिकेत चित्रकथांना अनुकूल नव्हता. १९५४ साली तेथील सिनेटच्या समितीपुढे, चित्रकथा वाचून मुले बिघडतात काय, याची जाहीर चौकशी झाली होती. आपल्याकडेही चित्रांची पुस्तके वाचणाऱ्या मुलाच्या हातून ती काढून घेणारे पालक आम्ही पाहिले आहेत. अशा वेळी एका धर्मपरायण संस्थेने तेच बदनाम साधन हाती घ्यावे हे धाडस होते. संस्थेचे ॲल्फ्रेड हॅसलर व त्यांचे सहकारी बेंटन रेस्निक यांनी मजकूर लिहिला. पुस्तिकेत किंग यांचे अल्पचरित्र आहे, माँटगोमेरीच्या बस-बहिष्काराची हकीकत आहे, महात्मा गांधींच्या लढ्याची काही पाने आहेत, आणि शेवटी अहिंसक प्रतिकार प्रत्यक्षात कसा करावा याच्या सूचना आहेत. बहिष्काराची कथा सांगणारा मनुष्य किंग नव्हे. जोन्स आडनावाचा एक सामान्य नगरवासी आहे. चरित्रलेखनाच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही. कथा पुढाऱ्याची, पण सांगणारा मागे चालणारा, अशी ती मांडणी आहे.

आता नागपूरकर वाचकांसाठी एक हकीकत. रेव्हरंड जेम्स लॉसन हे तरुण मेथॉडिस्ट कृष्णवर्णीय गृहस्थ कोरियन युद्धाच्या काळात लष्करभरतीस नकार दिल्यामुळे तुरुंगवास भोगून १९५३ साली नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले व तीन वर्षे राहिले. गांधीजींच्या पद्धतीचा अभ्यास हा त्यांच्या येण्याचा एक हेतू होता. डिसेंबर १९५५ मध्ये माँटगोमेरीच्या बहिष्काराची पहिली वार्ता त्यांना कोठे कळली? 'नागपूर टाइम्स' या पत्रात! आपल्या देशबांधवांनी सुरू केलेल्या लढ्याची बातमी सातासमुद्रापलीकडील एका मराठी शहरात वाचून हा मनुष्य हर्षभरित झाला, असे त्यांनीच पुढे अनेकदा सांगितले. १९५६ साली ते परतले. पुढच्याच वर्षी किंग यांची भेट झाली. दक्षिणेकडील राज्यांत या, थांबू नका, असा आग्रह किंग यांनी धरला. १९५८ पासून लॉसन नॅशव्हिल येथे वरील संस्थेच्या वतीने विद्यार्थ्यांचे वर्ग घेऊ लागले. कोणी थुंकले, ढकलले, डोक्यावर काही ओतले तर काय करावे याची तालीम त्या वर्गांत प्रत्यक्ष करून घेत. त्याच काळात ही दहा सेंटांची चित्रकथा विद्यार्थ्यांच्या हातून फिरत होती, आणि ती वाचणाऱ्यांत जॉन लुईस नावाचा अलाबामातील एका शेतकऱ्याचा मुलगा होता. १३ फेब्रुवारी १९६० रोजी नॅशव्हिलच्या दुकानांतील उपाहाराच्या टेबलांपाशी विद्यार्थी शांतपणे जाऊन बसले. १० मे रोजी ती टेबले कृष्णवर्णीयांस खुली झाली. लॉसन यांना मात्र त्यांच्या विद्यापीठाने मध्यंतरी मार्च महिन्यात काढून टाकले होते.

हाच जॉन लुईस पुढे अमेरिकेच्या लोकप्रतिनिधिगृहाचा सभासद झाला. लहानपणी वाचलेल्या त्या चित्रकथेची गोष्ट त्यांनी आपला तरुण सहकारी अँड्र्यू आयडिन यास सांगितली, आणि त्यातून 'मार्च' या तीन खंडांच्या चित्ररूप आत्मकथेचा जन्म झाला. चित्रे नेट पॉवेल यांची आहेत. खंड २०१३, २०१५ व २०१६ या वर्षी निघाले व तिसऱ्या खंडास त्याच वर्षी राष्ट्रीय ग्रंथ पारितोषिक मिळाले. पहिल्या खंडातील बाळ लुईस कोंबड्यांपुढे प्रवचन करतो, ते चित्र आमच्या वर्गातील मुलांना इतके आवडले की पुढे आठवडाभर मैदानावर प्रवचनेच चालली होती. पुढील खंडांतील चित्रे हसण्यासारखी नाहीत. ७ मार्च १९६५ रोजी सेल्मा गावच्या पुलावर पोलिसांनी केलेल्या लाठीमारात लुईस यांची कवटी फुटली. त्यांचे वय तेव्हा पंचवीस होते. ही पाने सातवीच्या मुलांस आम्ही दाखविली नाहीत, नववी-दहावीच्या मुलांस दाखवावीत असे आमचे मत आहे.

आता वळूया माँटगोमेरीच्या मूळ प्रसंगाकडे. सर्व चित्रचरित्रांची खरी कसोटी येथे लागते. बहुतेक जुन्या बालपुस्तकांत ही कथा अशी येते : रोझा पार्क्स नावाची शिवणकाम करणारी एक वृद्ध, गरीब स्त्री दिवसभराच्या कामाने दमून बसमध्ये बसली. गोऱ्या माणसासाठी उठ असे ड्रायव्हरने सांगितले. पाय दुखत असल्याने ती उठली नाही. तिला पकडले. मग किंग नावाच्या थोर पुरुषाने लोकांना जागे केले व अन्याय संपला.

वर्गात ही कथा आम्ही मुद्दाम प्रथम अशीच सांगितली. तेव्हा मधल्या ओळीतील एका मुलाने विचारले, "गुरुजी, बाई दमल्या होत्या म्हणून उठल्या नाहीत. मग दमल्या नसत्या तर उठल्या असत्या का?"

या एका प्रश्नात सारी दंतकथा कोलमडून पडते. अमेरिकेतील हर्बर्ट कोल या शिक्षकाने याच दंतकथेवर सविस्तर टीका लिहिली आहे. आमच्या त्या विद्यार्थ्याने अर्थातच ती वाचलेली नव्हती. वस्तुस्थिती काय होती? १ डिसेंबर १९५५ रोजी पार्क्सबाईंचे वय बेचाळीस होते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या माँटगोमेरी शाखेच्या त्या चिटणीस होत्या. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात टेनेसी राज्यातील हायलँडर या लोकशाळेत त्या शिबिराला जाऊन आल्या होत्या. जेम्स ब्लेक या त्याच ड्रायव्हरने १९४३ साली त्यांना एकदा बसमधून उतरविले होते. आपण अंगाने दमलो नव्हतो, नमते घेऊन घेऊन दमलो होतो, अशा आशयाचे त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेविले आहे. त्या बसल्या होत्या तीही जागा गोऱ्यांसाठी राखून ठेवलेली नव्हती. बसमध्ये पुढच्या दहा जागा गोऱ्यांच्या, मागच्या दहा कृष्णवर्णीयांच्या, आणि मधल्या सोळा ड्रायव्हरच्या मर्जीच्या असत. मधल्या भागातील पहिल्या रांगेत चौघे कृष्णवर्णीय होते. एक गोरा मनुष्य उभा राहिला म्हणून चौघांनाही उठण्याचा हुकूम झाला, कारण त्या रांगेत गोऱ्याबरोबर कृष्णवर्णीय बसू शकत नव्हता. तिघे उठले, बाई खिडकीकडे सरकल्या. आम्ही फळ्यावर छत्तीस चौकोन काढून ही व्यवस्था दाखविली, तेव्हा मुलांना अन्यायाचा जो बोध झाला तो कोणत्याही विशेषणांनी झाला नसता.

आणखी एक नाव आम्ही फळ्यावर लिहिले : क्लॉडेट कॉल्व्हिन. पार्क्सबाईंच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ रोजी, ही पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी त्याच शहरात त्याच कारणासाठी पकडली गेली होती. पुढाऱ्यांनी तिच्या अटकेवरून लढा उभारला नाही. ती अल्पवयीन होती, गरीब वस्तीतील होती, तडकाफडकी स्वभावाची आहे असे बोलले गेले, आणि नंतर ती अविवाहित असता गरोदर राहिली. लोकांपुढे उभा करावयाचा चेहरा निष्कलंक हवा होता. हा निर्णय बरोबर की चूक हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता, दैवयोग नव्हता, हे मुलांना कळले पाहिजे. गंमत अशी की बसमधील भेदभाव कायद्याने संपविणारा जो खटला, ब्राउडर विरुद्ध गेल, त्यातील चार फिर्यादी स्त्रियांत कॉल्व्हिन होती व पार्क्सबाई नव्हत्या. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयाचा निकाल कायम केला. कॉल्व्हिनवर मोठ्या मुलांसाठी चांगले चरित्र निघाले ते २००९ साली, फिलिप हूज यांचे. म्हणजे चोपन्न वर्षे जावी लागली.

बहिष्काराची हस्तपत्रके एका रात्रीत काढणाऱ्या जो ॲन रॉबिन्सन या अध्यापिकेविषयीही असेच म्हणता येईल. महिलांच्या राजकीय मंडळाच्या त्या अध्यक्षा. अटकेची बातमी कळताच अलाबामा स्टेट कॉलेजात रात्रभर बसून, एक सहकारी व दोन विद्यार्थी यांच्या मदतीने त्यांनी हजारो पत्रके चक्रमुद्रणयंत्रावर काढली आणि सकाळी शाळाशाळांतून वाटली. ज्या शिक्षकांनी परीक्षेच्या आदल्या रात्री प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइल केल्या आहेत, हातांची शाई पाहिली आहे, त्यांना या रात्रीची किंमत कळेल. लोक ३८१ दिवस बसमध्ये चढले नाहीत. सुमारे तीनशे खासगी मोटारी पाळीपाळीने फिरत, बाकीचे पायी जात. सव्वीस वर्षांचे किंग यांना पुढारी निवडले गेले ते लढा सुरू झाल्यावर, त्या शहरात ते नवीन होते म्हणून त्यांचे कोणाशी वाकडे नव्हते हेही एक कारण होते. निक्की जोव्हानी यांच्या 'रोझा' (२००५) या चित्रपुस्तकात रॉबिन्सनबाई व त्यांच्या मैत्रिणी रात्री काम करताना दाखविल्या आहेत, म्हणून ते पुस्तक आम्ही वरच्या प्रतीचे मानतो. ब्रायन कॉलिअर यांची कागद चिकटवून रंगविलेली चित्रेही सुंदर आहेत.

किंग यांच्या बालचरित्रांतील मोठा दोष आम्हांस असा दिसतो की बहुतेक पुस्तके २८ ऑगस्ट १९६३ च्या भाषणापाशी थबकतात आणि मग एकदम मृत्यूवर येतात. मधली साडेचार वर्षे गेली कोठे? १९६७ च्या एप्रिलमध्ये त्यांनी व्हिएतनाम युद्धाचा जाहीर निषेध केला व पुष्कळ मित्र गमावले. सर्व वर्णांच्या गरिबांची मोहीम काढण्याची तयारी चालविली. ४ एप्रिल १९६८ रोजी मेंफिस येथे त्यांचा खून झाला तेव्हा ते तेथे कशासाठी गेले होते असे विचारले तर उत्तर आहे : शहरातील तेराशे सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यासाठी. हे उत्तर ऐकल्यावर वर्ग काही क्षण स्तब्ध झाला. आमच्या शाळेत नगरपालिकेच्या सफाई कामगारांची तीन मुले होती. डोरीन रॅपपोर्ट यांचे 'मार्टिन्स बिग वर्ड्स' (२००१) हे पुस्तक आटोपशीर असूनही मेंफिसच्या कामगारांना विसरत नाही, आणि मृत्यू गुळमुळीत शब्दांत झाकत नाही. त्याच्या मुखपृष्ठावर नाव नाही, लेखक नाही. केवळ किंग यांचा हसरा चेहरा आहे.

रूबी ब्रिजेस हिची कथा लहान मुलांना सर्वांत जवळची, कारण नायिकाच सहा वर्षांची आहे. १४ नोव्हेंबर १९६० रोजी न्यू ऑर्लीन्सच्या विल्यम फ्रँट्झ शाळेत संघ सरकारच्या चार मार्शलांच्या पहाऱ्यात ती गेली. गोऱ्या पालकांनी मुले काढून नेली. वर्षभर बार्बरा हेन्री या बोस्टनहून आलेल्या बाईंनी एकट्या रूबीला रिकाम्या वर्गात शिकविले. मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट कोल्स यांनी तिच्यावर १९९५ साली चित्रपुस्तक लिहिले. चित्रे जॉर्ज फोर्ड यांची. पुस्तक हृद्य आहे, पण त्यात भर आहे तो रूबीने दारातील जमावासाठी केलेल्या प्रार्थनेवर. प्रार्थना खरीच होती. तथापि तिच्या वडिलांची नोकरी गेली, मिसिसिपीतील आजी-आजोबांना कसत असलेल्या जमिनीवरून हुसकावले, ही किंमत कुटुंबाने मोजली. ती स्वतः रूबीने १९९९ साली लिहिलेल्या छायाचित्रांच्या पुस्तकात अधिक स्पष्ट होते. क्षमा करणारे मूल दाखवावे, पण क्षमा कशाची केली तेही दाखवावे. त्याच दिवशी त्याच शहरातील दुसऱ्या एका शाळेत लिओना टेट, टेसी प्रीव्होस्ट व गेल एटिएन या तीन मुली गेल्या होत्या. त्यांची नावे आमच्या वर्गातील मुलींनी हौसेने पाठ केली.

नॉर्मन रॉकवेल या चित्रकाराचे रूबीवरील जे प्रसिद्ध चित्र १९६४ साली छापून आले ते आम्ही मजकुराविना वर्गापुढे धरतो. पांढऱ्या पोशाखातील मुलगी, हातात वही व पट्टी. मागे भिंतीवर फुटलेल्या टोमॅटोचा डाग. पुढेमागे चार पुरुष, पण त्यांची डोकी चित्रात नाहीत. मुले विचारतात, गुरुजी, डोकी का कापली? आम्ही त्यांनाच विचारतो. एक मुलगी म्हणाली, मुलीच्या उंचीवरून पाहिले तर मोठ्या माणसांची तोंडे दिसतच नाहीत. चित्रकलेच्या शिक्षकांनाही हे उत्तर सुचले नव्हते.

अशा पुस्तकांना विरोधही होतो. २०२१ साली टेनेसी राज्यातील विल्यमसन परगण्यात पालकांच्या एका संघटनेने दुसरीच्या वर्गातील पाठांविरुद्ध तक्रार केली. त्यात रूबी ब्रिजेस हिचे स्वतःचे बालपुस्तक व किंग यांच्या वॉशिंग्टन मोर्चावरील एक पुस्तक होते. ही पुस्तके एकांगी आहेत व गोऱ्या मुलांच्या मनाला लागतात, असा आक्षेपाचा मथितार्थ होता. नव्या नियमांच्या मुदतीत ते शालेय वर्ष येत नसल्याने राज्याच्या शिक्षण खात्याने तक्रार चौकशीस घेतली नाही. गुणदोषांचा निर्णय झालाच नाही. ज्या टेनेसीत लॉसन यांनी वर्ग घेतले, पार्क्सबाई शिबिराला गेल्या, तेच हे राज्य.

हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही, कारण तो आमच्या दारीही आला. एका तासानंतर एक मुलगी मागे रेंगाळली व हळूच म्हणाली, "गुरुजी, बसमध्ये जसे होते तसे आपल्या गावात पाण्यावर होते का?" आम्ही होय म्हणालो. विहिरीची जागाही सांगितली. आज तेथे कट्टा आहे, मुले खेळतात. दुसऱ्या दिवशी एक पालक शाळेत आले. त्या मुलीचे नव्हेत. ते आपल्याच ज्ञातीचे होते. मुलांना जुने उकरून कशाला सांगता, आमचे आजोबा वाईट होते असे त्यांनी समजावे काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. आम्ही त्यांस खुर्ची दिली, चहा मागविला. पुस्तकातील बार्बरा हेन्री यांचे पान दाखविले. पार्क्सबाईंना सोडवावयास ई. डी. निक्सन यांच्याबरोबर क्लिफर्ड डर हे गोरे वकील पत्नीसह गेले होते तेही सांगितले. मुलांना आजोबा निवडण्याची मुभा नसते, पण गोष्टीतील कोणाच्या शेजारी उभे राहावयाचे ते मूल स्वतः निवडते, एवढेच आम्ही बोललो. त्यांनी पुस्तक घरी नेले. पंधरा दिवसांनी चिरंजिवांच्या हाती परत पाठविले. सोबत निरोप काही नव्हता. मुलगा मात्र वाचनाच्या तासाला येत राहिला.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध केवळ लॉसन यांच्यापुरता नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते; १९४६ साली त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या अर्जाची प्रत मागविली, व ड्यू बॉइस यांचे उत्तरही आले. मुलांसाठी मासिक काढणारे ते हेच ड्यू बॉइस. आपल्याकडे बाबासाहेबांवरील 'अमर चित्र कथा' १९७९ साली निघाली. २०११ मध्ये दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी चितारलेली 'भीमायन' आली. तिच्यात चौकटी नाहीत. सौम्य शब्द पक्ष्याच्या आकारात लिहिले आहेत आणि विषारी शब्दांना विंचवाची नांगी आहे. पाणी, निवारा व प्रवास या तीन गोष्टींवरून बाबासाहेबांना काय भोगावे लागले ते त्यात येते. अमेरिकेतील पुस्तकांनंतर आम्ही ती वर्गात नेली, तेव्हा छत्तीस चौकोनांची बस पाहिलेल्या मुलांना बडोद्यात खोली न मिळालेला तरुण विद्वान समजावून सांगावा लागला नाही. ती आधी नेली असती तर अर्ध्या मुलांनी हे आपले नव्हे म्हणून व अर्ध्यांनी हे आपलेच म्हणून पुस्तक पाहिले असते. महापुरुषांची जातवार वाटणी आपण मोठ्यांनी इतकी चोख केली आहे की सातवीच्या मुलालाही कोणते चरित्र कोणाच्या वाट्याचे ते ठाऊक असते. आमच्या या स्मरणिकेतील चरित्रपर लेखही याला अपवाद नाहीत. त्यांतील एकही पुरुष कधी चुकलेला नाही, आणि त्यांच्यासाठी रात्र जागून पत्रके काढणारी बाई एकाही लेखात आढळत नाही.

लॉसन ९ जून २०२४ रोजी वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी निवर्तले. 'मार्च'च्या पहिल्या खंडात नॅशव्हिलचा त्यांचा वर्ग रेखाटला आहे. ते पान उघडून नागपूरचे नाव सांगितले की मुले नकाशाकडे धावतात.

ज्या शिक्षकांस वा पालकांस ही पुस्तके मुलांना दाखवावयाची असतील त्यांच्या सोयीसाठी आमच्या वहीची छायाप्रत व चार पुस्तके विद्यार्थी वसतिगृहाच्या वाचनालयात, खिडकीजवळच्या कपाटात ठेविली आहेत. मागणी चिटणिसांकडे करावी. मागणारा ज्ञातीचाच असावा अशी अट नाही, हे कार्यकारी मंडळाकडून आम्ही मंजूर करून घेतले आहे. 'रोझा'ची प्रत सध्या बाहेर गेलेली आहे.